दहा की बारा? औंधच्या राजांचे सूर्यनमस्कार

माघात रथसप्तमी जवळ आली की शाळांच्या मैदानांवर सूर्यनमस्कारांची तयारी सुरू होते. मुंबई-पुण्यापासून थेट गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्यासारख्या तालुक्याच्या गावापर्यंत हे चित्र सारखेच दिसते. त्याबरोबर एक वादही ठरलेला असतो. एक शिक्षक दहा अंकी नमस्कार शिकवतात, दुसरे बारा अंकी. कुणी सांगतो गुडघे टेकवा, कुणी सांगतो अजिबात टेकवू नका. आजोबांनी घरी शिकवलेला नमस्कार शाळेत चुकीचा ठरतो आणि मोबाइलवर पाहिलेला तिसराच निघतो. मग खरा सूर्यनमस्कार कोणता?

या प्रश्नाच्या मागे गेले की एका माणसापाशी थांबावेच लागते. साताऱ्याच्या परिसरातल्या औंध या लहानशा संस्थानाचे राजे श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ऊर्फ बाळासाहेब. देवघरातला आणि तालमीतला नमस्कार त्यांनी घराघरांत आणि शाळाशाळांत नेला. त्यांच्या आयुष्याची हकिगत वाचली तर वरच्या वादाचे उत्तर मिळते. शिवाय आजच्या काळात नमस्कार कुणी, किती आणि कसे घालावेत, याचाही थोडा उलगडा होतो.

सँडोची दहा वर्षे

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. औंधची गादी सुरुवातीला त्यांच्या वाट्याला येणार नव्हती. साताऱ्यात शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि बी.ए. झाले. चित्रकलेचे वेड त्यांना लहानपणापासून होते. कीर्तन करण्याची हौसही होती. पुढे ते स्वतः कीर्तनाला उभे राहत आणि त्यासाठी स्वतः चित्रे काढत.

तरुणपणी त्यांना व्यायामाची गोडी लागली ती मात्र युरोपातून आलेल्या लाटेमुळे. त्या काळी युजीन सँडो या पहिलवानाचे नाव जगभर गाजत होते. त्याची पुस्तके, डंबेल्स आणि इतर उपकरणे भारतातल्या सुखवस्तू घरांतही येऊ लागली होती. १९०५ च्या सुमारास सँडो स्वतः भारतात येऊन खेळ करून गेला. बाळासाहेबांनी सँडोची साधने मागवली आणि जवळपास दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. स्नायू भरले, पण त्यांचे समाधान होईना. उपकरणे घ्यायला पैसा लागतो आणि ती जवळ नसली की व्यायाम बुडतो. शिवाय मेहनत एकेका स्नायूची होते, सबंध शरीराची होत नाही.

१९०८ मध्ये मिरजेच्या राजेसाहेबांचे पाहून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. आज या वयात अनेकांचा रक्तदाब पहिल्यांदा वाढलेला सापडतो आणि उद्यापासून व्यायाम सुरू करण्याचे बेत ठरतात. बाळासाहेबांचा बेत मात्र आयुष्यभर टिकला.

नमस्कार त्यांनी शोधून काढला नव्हता. सूर्याला साष्टांग नमस्कार घालण्याची चाल महाराष्ट्रात जुनी होती. समर्थ रामदास रोज मोठ्या संख्येने नमस्कार घालत, असे परंपरा सांगते. तालमींतून जोर आणि बैठका होत्याच. मात्र हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत आसन म्हणून सूर्यनमस्कार सांगितलेला नाही. उलट ‘हठप्रदीपिके’वर एकोणिसाव्या शतकात ब्रह्मानंदांनी लिहिलेल्या ‘ज्योत्स्ना’ या टीकेत योगाभ्यासकाने जे कायाक्लेश टाळावेत, त्यांत फार नमस्कार घालण्याचा उल्लेख येतो. मात्रेचा प्रश्न त्या काळीही होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सतरंजीएवढ्या जागेतला व्यायाम

१९०९ मध्ये बाळासाहेब औंधच्या गादीवर आले. संस्थान लहान, ७२ गावांचे, आणि तेही एकसलग नव्हते. तुकडे सातारा-सांगलीपासून विजापूरकडे विखुरलेले. उत्पन्न बेताचे. तरी पुढच्या वर्षी, बेळगावहून उठावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कारखान्यासाठी जागा दिली आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा त्या कामालाही त्यांनी मोठे अर्थसाह्य दिले. वेदाभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला येऊन राहिले आणि त्यांनी तिथे स्वाध्याय मंडळ चालवले.

या सगळ्या व्यापात रोजचा नमस्कार सुटला नाही. राजेसाहेब स्वतः घालत, घरातली मंडळी घालत, आणि मग तो संस्थानातल्या शाळांत आला. मुलग्यांच्या बरोबरीने मुलींनीही नमस्कार घालावेत, हा त्यांचा आग्रह होता. मुलींनी मैदानावर येण्यालाही विरोध होता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

त्यांची पद्धत दहा अंकांची होती. हात जोडून ताठ उभे राहायचे, हा पहिला अंक. मग गुडघे न वाकवता पुढे वाकून तळवे जमिनीला टेकवायचे. तिसऱ्या अंकाला एक पाय मागे, चौथ्याला दुसराही मागे. पाचव्याला साष्टांग: कपाळ, छाती, दोन तळवे, दोन गुडघे आणि दोन चवडे जमिनीला लागतात. सहाव्याला छाती उचलून पाठीची कमान, सातव्याला कंबर वर. नंतर आलो त्याच वाटेने परत, आणि दहाव्या अंकाला पुन्हा ताठ उभे. प्रत्येक नमस्काराबरोबर सूर्याचे नाव आणि बीजमंत्र म्हणायचा. सतरंजीएवढ्या जागेत, एकही पैसा खर्च न करता, पावसाळ्यातही घरात करता येणारा हा व्यायाम होता.

बाळासाहेबांनी त्यावर मराठीत पुस्तक लिहिले आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते इंग्रजीत आणले. नमस्काराच्या हालचाली दाखवणारी फिल्मही काढवून घेतली. छायाचित्रे, तक्ते, व्याख्याने आणि प्रात्यक्षिके यांचा त्यांनी सपाटा लावला. आरोग्याच्या प्रचाराला आज जी साधने वापरतात, त्यांतली बहुतेक या राजांनी त्या काळी वापरून पाहिली होती.

१९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले. लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकात लिहिणाऱ्या लुईझ मॉर्गन यांनी त्यांची मुलाखत घेतली. सत्तरीकडे झुकलेल्या या पाहुण्याची तब्येत आणि चपळाई त्यांच्या नजरेत भरली. त्यांनी संपादित केलेले ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे बाळासाहेबांचे पुस्तक १९३८ मध्ये लंडनला निघाले. औंधचे दहा अंक अशा रीतीने इंग्रजी घरांत पोचले.

घराणी कशी निर्माण झाली

याच सुमारास म्हैसूरच्या राजवाड्यात तिरुमलाई कृष्णम्माचार्य मुलांना योग शिकवत होते. त्यांच्या परंपरेत सूर्यनमस्काराला वेगळे वळण मिळाले. त्यांचे शिष्य पट्टाभि जोइस यांच्या पद्धतीत पाय एकेक करून मागे जात नाहीत, दोन्ही पाय एकदम उडी घेऊन जातात. गुडघे आणि छाती टेकण्याऐवजी हात कोपरात वाकवून अंग जमिनीशी समांतर तोलून धरायचे असते. औंध आणि म्हैसूर यांनी एकमेकांकडून किती घेतले, यावर अभ्यासकांत अजून वाद चालू आहे.

हृषीकेशचे स्वामी शिवानंद आणि पुढे मुंगेरची बिहार योग विद्यालय परंपरा यांच्यामार्फत बारा अंकी नमस्कार सर्वदूर गेला. त्यात आणि औंधच्या दहा अंकांत दिसणारा मुख्य फरक अगदी साधा आहे. बारा अंकी नमस्कारात सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही हात वर नेऊन मागे वाकायचे असते. हे दोन अंक वगळले की मोजणी दहावर येते. म्हणजे मैदानावर भांडणारे दोन्ही शिक्षक आपापल्या घराण्याप्रमाणे बरोबरच असतात.

असे केवळ नमस्काराचेच झालेले नाही. आता लहान गावांतही कराटेचे वर्ग चालतात. कराटेत एकट्याने, ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींना काता म्हणतात. जपानच्या ओकिनावा बेटावर इतोसु आन्को या गुरूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळकरी मुलांसाठी पिनान नावाचे पाच सोपे काता बसवले. १९०८ मध्ये, म्हणजे बाळासाहेबांनी नमस्कार सुरू केले त्याच वर्षी, कराटे शाळांत शिकवावे म्हणून त्यांनी सरकारला पत्र लिहिले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ही विद्या घेऊन टोकियोला गेले. पुढे त्यांच्या परंपरेत या कातांचे नाव हेइआन झाले आणि पहिल्या दोघांच्या क्रमाची अदलाबदल झाली. आज एकच काता शितो-र्यु घराण्यात मांजरासारख्या आखूड पवित्र्यात होतो, तर शोतोकान घराण्यात लांब आणि खोल पवित्र्यात. घरी एकटा सराव करणारा विद्यार्थी दोन्ही पाहून गोंधळतो.

दोन्हीकडे घडले ते सारखेच. एक जुनी विद्या शाळेत आणायची तर ती शेकडो मुलांना एका वेळी शिकवता आली पाहिजे, म्हणून ती अंकांत बांधावी लागली. मग प्रत्येक गुरूने आपल्या समोरच्या शरीरांकडे पाहून तिच्यात थोडा बदल केला. बाळासाहेबांनी जुन्या नमस्काराला जे केले, तेच पुढच्यांनी त्यांच्या नमस्काराला केले.

राज्य गेले, नमस्कार राहिले

बाळासाहेबांच्या आयुष्यातला मोठा निर्णय सत्तरी गाठल्यावरचा आहे. १९३८ च्या अखेरीस त्यांनी आपले अधिकार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. महात्मा गांधींचा सल्ला, पोलंडहून आलेले इंजिनीअर मॉरिस फ्रीडमन यांची धडपड आणि चिरंजीव अप्पासाहेब पंत यांचे कष्ट यांतून राज्यघटना तयार झाली. १९३९ च्या जानेवारीत ती लागू झाली आणि ग्रामपंचायतींवर उभा असलेला कारभार सुरू झाला. त्याच वर्षी आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, वसली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची मूळ प्रेरणा तीच.

१९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षात, बाळासाहेबांचे निधन झाले. राजाज्ञेने शाळांत आलेला नमस्कार राजाज्ञेबरोबर गेला असता. तसे झाले नाही, कारण तोवर तो घरांत रुजला होता. अप्पासाहेब पुढे भारताचे राजदूत म्हणून अनेक देशांत राहिले. नमस्कार त्यांच्याबरोबर गेला आणि १९७० मध्ये त्यांनीही त्यावर पुस्तक लिहिले.

दावे आणि आजचे वैद्यकशास्त्र

बाळासाहेबांच्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातच आरोग्य, कार्यक्षमता आणि दीर्घायुष्य अशी तीन आश्वासने होती. बीजमंत्रांच्या उच्चाराने हृदय, फुप्फुसे आणि पचनसंस्थेला लाभ होतो, असेही त्यांचे मत होते. आज यातले काय टिकते?

नमस्कारात पाठीचा कणा आलटून पालटून पुढे आणि मागे वाकतो. मांडीचे मागचे स्नायू ताणले जातात. खांदे, मनगटे आणि पोटाचे स्नायू शरीराचे वजन पेलतात. संथपणे केले तर लवचिकता वाढते, सलग आणि भराभर केले तर नाडी वाढून हृदयालाही व्यायाम होतो. सूर्यनमस्कारांवर झालेले बहुतेक अभ्यास थोड्या माणसांवरचे आणि काही आठवड्यांचे आहेत. लवचिकता आणि स्नायूंची ताकद वाढल्याचे त्यांत दिसते. मंत्र मोठ्याने म्हटला की श्वास सावकाश सुटतो, एवढे नक्की म्हणता येते. एखाद्या मंत्राने एखादा अवयव बरा होतो, याला मात्र पुरावा नाही. बाळासाहेब ८२ वर्षे जगले आणि औंधचे सातवळेकर शंभरी ओलांडून गेले, हीसुद्धा उदाहरणे झाली. एकदोन माणसांच्या दीर्घायुष्यावरून औषध ठरत नाही आणि व्यायामही ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाला आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम हवा. रोज वीस-पंचवीस मिनिटे नमस्कार घातले तर दोन्ही गोष्टींचा बराच भाग घरबसल्या साधतो. बाळासाहेबांचे म्हणणे इथे खरे ठरते. उपकरण लागत नाही, पैसा लागत नाही, जागा लागत नाही, म्हणून व्यायाम टिकतो.

चूक होते ती मात्रेत. राजेसाहेबांचा हिशेब शेकड्यांचा होता. ते राजे होते, सकस अन्न मिळत होते आणि सवय अनेक वर्षांची होती. तोच आकडा सगळ्यांना लावता येत नाही. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात तर मुळीच नाही.

या भागात सिकलसेल आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाच्या, म्हणजे एसएस असलेल्या माणसाच्या, तांबड्या पेशी शरीरातले पाणी किंवा प्राणवायू कमी पडला की कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. दमछाक, ऊन आणि तहान हे तिन्ही एकत्र आले तर वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणून अशा मुलाला रथसप्तमीच्या सामूहिक कार्यक्रमात १०८ नमस्कारांच्या रांगेत उभे करणे धोक्याचे आहे. त्याने व्यायाम अजिबात करू नये, असे मात्र नाही. डॉक्टरांना विचारून, थोडे आणि संथ, मध्ये विसावा घेत आणि पाणी पीत केलेला व्यायाम त्यालाही चालतो. पाय मागे नेताना जांघेत सतत दुखत असेल तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो. ते अंगावर न काढता तपासून घ्यावे. एएस, म्हणजे वाहक असलेली माणसे एरवी निरोगी असतात. तरी कडक उन्हात, सवय नसताना, स्पर्धेच्या ईर्षेने एकदम खूप श्रम करणे त्यांनीही टाळावे. आपण कोणत्या गटात आहोत, हे सरकारी रुग्णालयात रक्ततपासणीने कळते.

धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईची गोष्ट निराळी. तिच्या अंगात आधीच रक्त कमी असले तर तिला आणखी दमवण्यात हशील नाही. पुढे वाकणे तिचे दिवसभर होतेच. संध्याकाळी हात वर नेऊन हळूच मागे वाकण्याचा अंक आणि पालथे झोपून छाती उचलण्याचा अंक, हे दोनच अंक तिच्या आखडलेल्या पाठीला आराम देतील. इथे बारा अंकी घराण्याचा तो जादा अंक कामाला येतो. गुडघे किंवा मनगटे दुखणाऱ्या वृद्धाने खुर्चीच्या किंवा भिंतीच्या आधाराने केले तरी चालते. आटोक्यात नसलेला रक्तदाब, काचबिंदू, मणक्याची गादी सरकलेली असणे, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. डोके खाली जाणारे अंक यांतल्या काहींना वर्ज्य असतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या आठवड्यात रोज चार-सहा नमस्कार घालावेत. दर आठवड्याला दोन-चार वाढवावेत. बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतपतच दम लागू द्यावा. छातीत दुखले, चक्कर आली किंवा सांध्यात कळ आली तर लगेच थांबावे. अंक दहा असोत की बारा, घरातल्या जाणत्या माणसाकडून किंवा शिक्षकांकडून एक पद्धत नीट शिकून घ्यावी आणि काही महिने तीच चालू ठेवावी. दुसऱ्या घराण्याचा नमस्कार नंतर जरूर शिकावा. पहिल्याला चूक ठरवण्याची त्यासाठी गरज नाही.

औंधच्या यमाई टेकडीवर बाळासाहेबांनी उभारलेले श्री भवानी संग्रहालय आजही पाहता येते. तिथे त्यांनी जमवलेली चित्रे आणि शिल्पे आहेत. नमस्कार मात्र संग्रहालयात ठेवता येत नाही. चाळिशीत सुरू करून तो आयुष्यभर चालवणारा माणूस औंधला राजवाड्यात राहत होता. कुरखेड्याला तो कौलारू घराच्या ओसरीवर, सतरंजी अंथरून, उद्या सकाळी चार नमस्कारांनी सुरू करता येईल.